दोन हार्डनर: काकांच्या होडीच्या नोंदी

७ एप्रिल, देवबाग

काकांची होडी कर्ली नदीच्या काठावर माडाखाली उलटी घालून ठेवली आहे. अठरा फुटी, फळ्या आंब्याच्या, पठाण, म्हणजे तळाचा कणा, सागाचं. चार वर्षांपूर्वी तिला बाहेरून फायबर मारून घेतलं होतं, म्हणजे पॉलिएस्टर रेझिन (कडक होणारा चिकट द्रव) आणि चॉप मॅट (तोडलेल्या काचतंतूंची चटई). नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाशी, एक कोपरा सुटलेला दिसला. त्यात पटाशी सारून वर उचलली तर हातभर लांबीचा पापुद्रा केळीच्या सोपटासारखा अलगद निघून आला. त्याची आतली बाजू उन्हात धरून बघितली. फळीच्या शिरा हुबेहूब उमटलेल्या, पण लाकडाचा एक तंतूही त्याला धरून आलेला नाही. मागे पाणी साचलेलं, फळी काळी पडलेली.

काम करणाऱ्याने मॅट नीट भिजवली होती, बुडबुडेही फारसे नाहीत. रेझिनही चांगलं कडक झालेलं होतं, पत्र्यासारखं वाजत होतं. चूक रेझिन निवडण्यात झाली. पॉलिएस्टर कडक होताना आकाराने पाच ते आठ टक्के आक्रसतं, त्यामुळे लाकडाला धरायच्या वेळीच ते लाकडापासून स्वतःला ओढून घेत असतं. वर पावसाळ्यात फळी फुगते, उन्हाळ्यात आटते. ठिसूळ कवच आणि हलणारी फळी यांचं चार वर्षं टिकलं हेच पुष्कळ.

ठरवलं ते असं: होडीला बाहेरून एपॉक्सी, म्हणजे दुसऱ्या जातीचं रेझिन, आणि विणलेलं ग्लास कापड. मासळीची पेटी मात्र नवी, साच्यात काढलेली, पॉलिएस्टरची. तिथे लाकडाला चिकटायचा प्रश्नच नाही आणि खर्चही आवाक्यात राहतो. एपॉक्सी मला पॉलिएस्टरच्या तिपटीहून महाग पडलं.

म्हणजे एकाच मांडवात दोन्ही रेझिनं असणार. दोन्हींसोबत एकेक छोटी बाटली येते आणि आपल्याकडे दोन्ही बाटल्यांना ‘हार्डनर’च म्हणतात. या नोंदी लिहायला घेतल्या त्या मुख्यतः या एका शब्दाच्या भीतीने.

१६ एप्रिल

जुनं फायबर उतरवलं. आठ दिवस गेले. पटाशी, ग्राइंडर, मास्क. काचेची धूळ मानेला लागली की रात्री झोप येत नाही. अंग आधी थंड पाण्याने धुवायचं, गरम पाण्याने नाही. दोन फळ्या कुजल्या होत्या, त्या सुताराने बदलून दिल्या.

१७ एप्रिल

ओलावा मोजला. वरच्या फळ्या १५ टक्के, पठाणाजवळ १९. एवढ्या ओल्या लाकडावर एपॉक्सी मारणार नाही. काकांचा आग्रह आहे की होडी सरळ उन्हात ओढू. पण आंब्याची फळी कडक उन्हात तडकते. झापांचा मांडव घातला, चारी बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवल्या. वाट बघायची.

२६ एप्रिल

पठाण १३ वर आलं. अजून तीन-चार दिवस देतो. तोवर पेल्यांतल्या चाचण्या.

आज पॉलिएस्टर. तीन पेले, प्रत्येकी १०० ग्रॅम रेझिन. त्यात कोबाल्टचा द्रव (कॅटॅलिस्टला चालना देणारा) आधीच घालून पूर्ण ढवळलेलं, त्यामुळे रंग फिका गुलाबी. सकाळी दहाला मांडवात ३१ अंश. कॅटॅलिस्ट, म्हणजे पॉलिएस्टरसोबतच्या ‘हार्डनर’ बाटलीतला द्रव, सिरिंजने: पहिल्या पेल्यात १ टक्का, दुसऱ्यात दीड, तिसऱ्यात २. कॅटॅलिस्ट पडून ढवळलं की गुलाबी जाऊन तपकिरी छटा येते. तो रंग बदलला नाही तर काहीतरी घालायचं राहिलं आहे असं समजायचं.

मग बराच वेळ काहीच होत नाही. काडी फिरवली तर सुरुवातीला होतं तितकंच पातळ. १२व्या मिनिटाला तिसऱ्या पेल्यात काडी अडखळली. उचलली तर टोकाला तार आली, आणि मिनिटभरात पेल्यात खरवसासारखे थरथरणारे तुकडे. १७व्या मिनिटाला दुसरा पेला, २६व्याला पहिला. दुपारी ३४ अंश असताना १ टक्क्याचा पेला पुन्हा केला तर २१ मिनिटं. दहा अंश वाढले की वेळ साधारण निम्मा, हा कारागिरांचा ठोकताळा बरोबर बसतो.

आधी इतकी शांतता आणि मग एकदम घट्टपणा, असं का? रेझिन डब्यातच जमू नये म्हणून कारखान्यात त्यात थोडं रोधक घातलेलं असतं. कोबाल्ट कॅटॅलिस्टच्या पेरॉक्साइडला फोडतं, त्यातून अतिशय चळवळे तुकडे सुटतात, त्यांना मुक्त मूलकं म्हणतात. पहिली सगळी मूलकं हे रोधक गिळून टाकतं. ते संपलं की पुढचं मूलक पॉलिएस्टरच्या साखळीतल्या दुहेरी बंधावर जाऊन बसतं, तो बंध उघडतो, त्याला स्टायरीन जोडलं जातं, त्याला पुढचं स्टायरीन, मग शेजारची साखळी. एकदा सुरू झालं की हे आपलं आपण पळतं. स्टायरीन म्हणजे नुसता पातळ करणारा थिनर नव्हे. साखळ्यांना एकमेकींशी बांधणारे पूल त्याचेच. म्हणून ‘रेझिन सुकलं’ हा शब्द मला पटत नाही. रंग सुकतो, कारण त्यातला थिनर उडून जातो. इथे वरचा थोडा वास सोडला तर उडून काही जात नाही, जे ओतलं तेच जाळं होऊन बसतं.

कॅटॅलिस्ट हे विरजणासारखं आहे. थोडं कमी घातलं तर दही उशिरा लागतं, थोडं जास्त घातलं तर लवकर, पण दही होतं ते दुधाचंच. त्यालाही मर्यादा आहेच. एक टक्क्याच्या खाली मी जात नाही, कारण मूलकं मध्येच संपतात आणि माल कच्चा राहतो. दोनच्या वरही जात नाही.

कोबाल्टची सिरिंज मांडवाच्या एका टोकाला, कॅटॅलिस्टची दुसऱ्या टोकाला. हे दोन द्रव रेझिनमध्ये भेटले तर काम करतात, एकमेकांत थेट भेटले तर भडका उडतो. कॅटॅलिस्ट हाताळताना डोळ्यांवर चष्मा असलाच पाहिजे. एक थेंबही डोळा घालवू शकतो. काकांची विडी आजपासून मांडवाबाहेर. स्टायरीनची वाफ ३१ अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी होते, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये सावलीतच तेवढं असतं.

२७ एप्रिल

आज एपॉक्सीच्या चाचण्या. इथला हिशेब वेगळा.

एपॉक्सीच्या रेणूच्या दोन्ही टोकांना ताणलेली तीन कोनी कडी असते, दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन. हार्डनर म्हणजे अमाइन. त्याच्या नायट्रोजनला लागलेला एकेक हायड्रोजन एकेक कडी उघडतो आणि तिथे पक्का जोडला जातो. काज आणि बटण. जितकी काजं तितकीच बटणं हवीत. माझ्या रेझिनच्या साधारण १८८ ग्रॅममध्ये एक माप काजं आहेत. हार्डनर ट्रायइथिलीन टेट्रामाइन, रेणुभार १४६, प्रत्येक रेणूवर सहा बटणं, म्हणजे २४ ग्रॅमला एक माप. १८८ला २४, म्हणजे १००ला जवळपास १३. डब्यावर वजनाने १००ला १२ लिहिलं आहे. मी डब्यावरचं मानतो.

‘वजनाने’ हा शब्द मी डब्यावर लाल मार्करने पुन्हा लिहून ठेवला. रेझिन पाण्यापेक्षा जड, हार्डनर पाण्यापेक्षा किंचित हलकं. मापाच्या पेल्याने १००ला १२ घेतलं तर हार्डनर सुमारे १५ टक्के कमी पडतं. मापाने घ्यायचंच तर १००ला १४ लागेल. सोनाराकडे असतो तसला छोटा काटा आणला आहे, तोच वापरायचा.

१०० ग्रॅमचा पेला, ३२ अंश. इथे शांततेचा काळ नाही. मिसळल्यापासूनच हळूहळू दाट होत जातं. १५व्या मिनिटाला मधासारखं, २०व्याला पेला हाताला कोमट, २४व्याला गरम आणि ब्रश ओढला जाईना. तेच मिश्रण पत्र्यावर पातळ पसरलं होतं, ते तासाभरानेही ब्रशने हलत होतं. पेल्यात उष्णतेला बाहेर जायला वाट नाही. ती आतच साठते, त्याने बटणं आणखी भराभर लागतात, त्यातून आणखी उष्णता.

३० एप्रिल

ओलावा १२. सागाच्या पठाणावर ऍसिटोनचं फडकं फिरवलं, कारण सागात अंगचं तेल असतं आणि ते पृष्ठभागावर येत राहतं. पुसल्यावर लगेच हात मारायचा.

पहिला हात मुद्दाम संध्याकाळी साडेचारला सुरू केला. सकाळी मारला असता तर दिवस तापताना लाकडातली हवा फुगून वर येते आणि ओल्या रेझिनमध्ये फोड उठतात. संध्याकाळी लाकूड निवत असतं, आतली हवा आक्रसते आणि रेझिन छिद्रांत ओढून घेते. आंब्याची फळी अक्षरशः पीत होती. दीड किलो गेलं.

१ मे

कुडाळच्या एमआयडीसीत फायबरच्या टाक्यांच्या कारखान्यात काम करणारा भाचा सुट्टी म्हणून आला. पंधरा वर्षांचा हात आहे त्याचा, मॅटवर रोलर फिरवावा तर त्यानेच.

सकाळी होडीवर बोट फिरवलं तर मेणचट लागलं. रात्री खाडीवरून दमट हवा आली होती. हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड पृष्ठभागावरच्या अमाइनशी मिळून हा मेणचट थर करतात. भाच्याचा हात ऍसिटोनकडे गेला. नको म्हटलं. हा थर पाण्यात विरघळतो. साधं गोडं पाणी, हिरवी घासणी, दर चार हातांनी बादली बदलायची. धुवून सुकल्यावर मगच पॉलिश पेपर. आधी पेपर मारला तर पेपर भरतो आणि तो थर सगळीकडे पसरतो. त्यावर मारलेला पुढचा हात नंतर सुटतो.

३ मे

आज नुकसान झालं. सविस्तर लिहून ठेवतो.

दुसरा हात मारत होतो. मी नाळेकडे, भाचा मागच्या बाजूला. काका दोनदा येऊन बघून गेले आणि म्हणाले, “दोन थेंब जास्ती घाल मरे, बेगीन सुकतला.” भाच्याच्या कामात हे रोजचंच आहे. हवा थंड असली की कॅटॅलिस्ट थोडं वाढवायचं. त्याने २०० ग्रॅम रेझिनला २४ ग्रॅमऐवजी अंदाजाने जवळपास दुप्पट हार्डनर ओतलं. मला सांगितलंही, “मामा, मी जरा वाढवलंय.” पण माझ्या ब्रशखालचा पेला तापत होता, मी नुसतं “बरं” म्हटलं. हे ‘बरं’ माझं आहे, त्याचं नाही.

संध्याकाळी माझ्या बाजूवर नख उमटत नव्हतं. त्याची बाजू दिसायला चकचकीत, पण अंगठ्याचं नख दाबलं की चंद्रकोर उमटायची आणि तशीच राहायची. चामड्यासारखं. ओलं फडकं ठेवलं तर पाच मिनिटांत पांढरट डाग.

भाच्याला पेल्यांसकट समजावून सांगितलं. विरजण जास्त झालं तर दही लवकर लागतं. पण सदऱ्याला सहा काजं असतील आणि तू बारा बटणं आणलीस तर सदरा लवकर लागत नाही. काजं तेवढीच, आणि आता निम्म्या बटणांना जोडीला काजच नाही. त्या उरलेल्या अमाइनला कुठेच जागा नसते. जाळं अर्धवट राहतं आणि मोकळं अमाइन पाणी ओढत बसतं. कमी घातलं तर काजं उघडी राहतात, तेही तितकंच वाईट. आणि हे उद्या, परवा, महिन्याने आपोआप सुधारत नाही. पॉलिएस्टरची बाटली काडेपेटी आहे, पेटवून बाजूला होते. एपॉक्सीची बाटली हा अर्धा मालच आहे.

तो गप्प बसला, मग म्हणाला, “आमच्याकडे दोन्हीला हार्डनरच म्हणतात.” म्हणतात खरं. मी स्वतः वीस वर्षं म्हणत आलो. संध्याकाळी बाटल्यांवर चिकटपट्ट्या लावल्या. एकीवर ‘विरजण – पेटीसाठी’, दुसरीवर ‘भाग दुसरा – १००ला १२, वजनाने’. मांडवात आता हार्डनर हा शब्द नाही.

५ मे

मागची तीन चौरस मीटरची बाजू खरवडून काढली. हीट गनने मऊ करून पत्र्याच्या खरवडणीने. दोन दिवस, दोघांचे. मग धुणं, घासणं, नवा हात. भाच्याने रजा वाढवून घेतली.

८ मे

मासळीची पेटी. साच्याला मेण, त्यावर पीव्हीएचा हात (माल साच्याला चिकटू नये म्हणून), मग जेल कोट, म्हणजे बाहेरून दिसणारा रेझिनचा पहिला थर. जेल कोट बोटाला चिकटतो पण बोटाला लागून येत नाही, या टप्प्यावर मॅट सुरू केली. ४५० ग्रॅमची मॅट दोन थर, मॅटच्या वजनाच्या अडीचपट रेझिन, कॅटॅलिस्ट दीड टक्का. हे सगळं भाच्याने केलं, मी फक्त पेले भरून देत होतो. रोलरखाली पांढरी मॅट पारदर्शक होत जाते आणि बुडबुडे कडेकडे पळतात, ते बघत राहावं असं काम.

वरचा पृष्ठभाग दुपारी चिकट होता. काकांना शंका आली की हेही बिघडलं. बिघडलं नव्हतं. हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागावरची मूलकं पकडतो, त्यामुळे हवेला लागलेला पातळसा थर कच्चा राहतो. थरावर थर द्यायचा असतो तेव्हा हा चिकटपणा उपयोगीच, पुढचा थर त्याच्याशी रसायनानेच जोडला जातो. शेवटच्या हातात मात्र मेण मिसळलेलं स्टायरीन घातलं. रेझिन तापलं की मेण तरंगून वर येतं आणि हवेची वाट बंद करतं.

१२ मे

होडीला कापड. २०० ग्रॅमचं विणलेलं, सुमारे ११ चौरस मीटर. काका म्हणाले पेटीची मॅट उरली आहे ती का नाही वापरत? चॉप मॅटमधले तंतू ज्या चिकट द्रव्याने धरून ठेवलेले असतात ते स्टायरीनमध्ये विरघळतं. एपॉक्सीत स्टायरीनच नाही. त्यामुळे मॅट ताठ राहते, पठाणाच्या कडेवर वळत नाही, आत पांढरी राहते.

कापड कोरडं अंथरलं, तळहाताने सुरकुत्या काढल्या, मधून सुरुवात करून कडेकडे रेझिन ओढलं. कापड दिसेनासं झालं की थांबायचं. जास्त ओतलं तर कापड रेझिनवर तरंगतं. विणीचे डोळे भरायचं काम पुढच्या दोन हातांनी.

साडेअकराला घाईत ४०० ग्रॅमचा पेला एकदम केला. दहाव्या मिनिटाला पेला हातात धरवेना, बाराव्याला प्लास्टिक वाकलं आणि पिवळा धूर निघाला. वाळूत उपडा केला, वारा येतो त्या बाजूला उभे राहिलो. इतक्या मिश्रणात आतलं तापमान दोनशे अंशांच्या घरात जाऊ शकतं. उरलेलं काम १५० ग्रॅमच्या घाण्यांनी, आणि तेही मिसळल्याबरोबर पसरट ताटलीत ओतून.

१५ मे

रात्री वळवाचा पाऊस. झापांतून तीन ठिकाणी गळलं. शेवटचा हात १३ला संध्याकाळी दिला होता, तो पाण्याला पुरून उरला; नुसता मेणचटपणा आला, धुवून टाकला.

१८ मे

पेटीची बैठक होडीत बसवली. इथे क्रम महत्त्वाचा. कडक झालेल्या पॉलिएस्टरला घासून त्यावर एपॉक्सी लावलं तर छान धरतं. उलट, ताज्या एपॉक्सीवर पॉलिएस्टर लावलं तर मोकळं अमाइन मूलकांच्या कामात आडवं येतं आणि सांध्यालगतचा थर कच्चा राहतो. म्हणून सगळे जोड एपॉक्सीचे. लाकडाचा भुसा मिसळून दाट केलेलं, श्रीखंडासारखं, खोबणीत बोटाने गोलाई दिली.

२३ मे

रंग. एपॉक्सी उन्हात खडूसारखं पांढरं भुरभुरतं, म्हणून रंग हवाच. घरात ऑइल पेंटचे दोन डबे होते, ते काकांना वापरायचे होते. एका फळकुटावर लावून दाखवला, चौथ्या दिवशीही बोटाला येत होता. अमाइन त्या रंगाला सुकू देत नाही. दोन भागांचा पॉलियुरेथेन आणला. वर फिका निळा, कारण गडद रंग उन्हात फार तापतो आणि साध्या हवेत कडक झालेलं एपॉक्सी साठ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. रंगाआधी तीन दुपार काळी ताडपत्री घालून होडी मुद्दाम तापवली होती. तशी ऊब मिळाली की राहिलेली बटणं लागतात आणि ही मर्यादा थोडी वर सरकते.

२९ मे

भरतीला, सकाळी साडेसातला, होडी कर्लीत. काका गेले पंधरा दिवस रोज विचारत होते, “होडी पाण्यात कधी घालूची?” आज त्यांनी नारळ फोडला आणि वल्हं मारत समोरच्या काठाला जाऊन आले. आल्यावर आत उतरून मी पठाणालगत हात फिरवला. कोरडं. मागच्या खरवडलेल्या बाजूवर भाच्याने नाण्याने टकटक करत वीतभर वीतभर तपासलं. आवाज सगळीकडे एकच, भरीव.

पेटी अजून दिली नाही. झाकण उघडलं की स्टायरीनचा वास येतो, आणि त्यात मासळी ठेवायची आहे. जाळ्यात न अडकलेलं थोडं स्टायरीन आत शिल्लक असतं. दोन दिवस झाकण उघडं टाकून उन्हात, रोज संध्याकाळी कढत पाण्याने भरून रात्रभर तसंच, सकाळी ओतायचं. उद्या चौथं पाणी.